रोडग्यांचा धूर आणि मंजूची सोयरीक

ईरा, कबीर, हवेचं रसायनशास्त्र मी अमरावतीच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं आणि शेतात एकदाच शिकले. परवा ईराने फोनवर विचारलं, "आजी, तापमानाची विपरीतता सोपी करून सांग ना." पुस्तकापेक्षा तुमच्या मंजूआत्याच्या सोयरिकीवरून ती लवकर समजेल.

मंजूला पाहायला अकोल्याची मंडळी आपल्या वरूडच्या संत्र्याच्या बागेत येणार होती. मुलगा तिला आधीच पसंत होता. प्रश्न होता त्याच्या आईचा. बाई फार कडक, असं ऐकून होतो. आणि त्यांना गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे आवडतात, असंही. मी रीतसर बेत आखला: थंडीच्या दिवसांत सकाळी आठला पाहुणे, नऊला पंगत. वारा नको म्हणून विहिरीजवळची सखल जागा निवडली. (ही निवड माझी, हे नंतर मला कुणी विसरू दिलं नाही.)

"इतक्या सकाळी धूर होईन न," तुमचे आबा म्हणाले.

"गरम हवा हलकी असते. धूर सरळ वर जाईल."

गेला. संत्र्याच्या शेंड्यांपर्यंत गेला, तिथे जरा थांबला आणि आडवा झाला!

रात्रभर जमिनीने आपली ऊब आकाशाला देऊन टाकली होती. तिला लागून असलेली हवा गारठून, जड होऊन माझ्या त्या सखल जागेत साठली होती आणि वर उबदार हवेचं झाकण बसलं होतं. एरवी वर जावं तशी हवा थंड होते, इथे उलटं. धूर झाकणाखाली अडकला आणि पाहुण्यांत येऊन बसला.

मी हे सगळं तिथल्या तिथे पाहुण्यांना समजावायला घेतलं. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन, एकवीस टक्के ऑक्सिजन... पुढे खोकला. (त्या सकाळी आमच्या वाट्याला उरलेला एक टक्काच आला असावा.) मंजू चहा घेऊन आली ती धुरात काही न दिसून नवऱ्या मुलाऐवजी आबांपुढे लाजून उभी राहिली. मग मी आगीवर बादलीभर पाणी ओतवलं. पेटत्या गोवरीपेक्षा विझती गोवरी जास्त धुरावते, हे ज्ञान तेव्हाचंच.

आता सगळेच रडत होते. मुलाची आई उठली. झालं, मोडली सोयरीक, असं मला वाटलं.

पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "पाठवणीचं रडणं तं आजच उरकलं, बाई. आता लगनच कावून बाकी ठेवता? तारीख काढा."

ऊन चढलं, जमीन तापली, झाकण सुटलं. धूर निघून गेला आणि अर्धेकच्चे रोडगे सगळ्यांनी निमूट खाल्ले.

मंजूचा संसार उत्तम टिकला आहे. माझी प्राध्यापकी मात्र त्या घरात टिकली नाही: मी अकोल्याला गेले की विहीणबाई आधी खिडक्या उघडतात, मग मला आत घेतात.