गेममधला नाना डॉन मीच आहे का?

आज सकाळी आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीचं पाणी सोडायला खाली उतरलो, तर पोरं ओरडली, "नाना डॉन आला!"

नाना म्हणजे सध्या गाजणाऱ्या एका क्राइम गेममधला व्हिलन. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी घेऊन फिरतो, नडेल त्याचं पाणी तोडतो. लोक त्याच्यावर फिदा आहेत! आणि तो बनवलाय आमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या समीरने.

मी इथला सेक्रेटरी. चावी माझ्याही खांद्यावर असते. समीरला जिन्यातच गाठलं. "हा मी आहे का रे?"

"नाही हो काका, मनानेच रचलाय." पण हसू दाबत होता.

चावी सगळ्यांनी बघितलीय, मान्य. पण नाना आधी गुपचूप स्वतःच्या विंगला पाणी सोडतो, हे याला सांगितलं कोणी? तुम्हाला कोणावर संशय येतो?