माघारी दिलेली कोंबडी

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिशी चर्चात आम्ही पाच जण होतो: पादरीसायब, मास्तर, माझी सासू, माझी पोर शांता अन् मी. निजामावरची पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेल्ती. माझा नवरा पटकीनं गेल्ता.

मास्तर दर बुधवारी लासूर स्टेशनाहून सायकलीवर आमच्या वस्तीत बाप्तिस्म्याचं शिकवाया यायचे. आधी माझ्या माठातलं पाणी प्यायचे, मग खाकरून इचारायचे, "तारण म्हंजी काय, बाई?" देव जीव कसा तारतो, त्याचं ते उत्तर मला पाठच व्हईना. चुकलं तर मला अन् पोरीला बाप्तिस्मा मिळायचा नाय, ही धास्ती. म्हणून मरीआईला देत होतो तशी मास्तरांना कोंबडी नेली.

मास्तर हसले. "येशूनं समदं देऊन झालंय, बाई. हिची अंडी पोरीला घाला." अन् बाप्तिस्म्याच्या वहीत आमची नावं लिवली.

चर्चात पादरीसायबांनी तेच तारणाचं इचारलं. मी पाठ केलेलं समदं इसरले. म्हणलं, "मास्तरांनी कोंबडी माघारी दिली अन् तरी नाव लिवलं, ते."

सासू पुटपुटली, "घालवलं हिनं."

मास्तर खाली बघून खाकरले. पादरीसायब म्हणले, "काही न देता मिळालं. बरोबर आहे," अन् पाण्याचं भांडं पुढं ओढलं. लई दिसांनी माझा जीव भांड्यात पडला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापाशी कोणी शिकाया आलं, तर त्याला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या.