दाढेतून आलेला ताप

बायको गेली त्या उन्हाळ्यात मला काहीच वाटत नव्हतं. लोक भेटायला येत, रडत. मी त्यांना पाणी आणून देई. दिवसकार्य झालं तसा कचेरीत जायला लागलो. संध्याकाळी जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवर यायचं, पंख्याखाली बसायचं, काहीतरी पोटात ढकलायचं, झोपायचं. सकाळी चूळ भरली की झालं. दात घासायचे राहून जात आणि राहिले हे लक्षातही येत नसे.

उजवीकडची खालची दाढ बायकोच्या आजारपणाआधीच किडली होती. "एकदा दाखवून घ्या," असं ती म्हणायची. मग तिचेच दवाखाने सुरू झाले आणि दाढ मागे पडली. ती दुखायची, नाही असं नाही. पण शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसं ते दुखणं. उठून काही करावंसं वाटत नसे.

पावसाळा सरताना ताप यायला लागला. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, सकाळी बरं. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घ्यायचो. पँट ढिली झाली तेव्हा पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. साहेब म्हणाले, "फार मनाला लावून घेतलंत हो." मीही तसंच धरून चाललो. दुःखानं माणूस वाळतच असेल.

दिवाळीनंतर मोहोळहून माझी थोरली बहीण, आक्का, आली. येताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली. मी भाकरी आमटीत भिजवून डावीकडून चावत होतो. ती जेवायची थांबली.

"एकाच बाजूनं का खातुयास रं?"

"दाढ जरा दुखते."

"कदीपासनं?"

तिनं मला तोंड उघडायला लावलं आणि पदर नाकाला लावला.

"आरं, पू हाय की हितं!" मग कपाळावर हात ठेवला. "आन् अंग का गरम लागतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरीण बाईंनी दाढ पाहिली, फोटो काढला, तापाचं विचारलं. मग म्हणाल्या, "हृदयाचं काही, कधी?"

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि तेव्हापासून एक झडप कमजोर आहे, हे मी सांगितलं. त्यांनी हातमोजे काढून ठेवले. "दाढ आज काढायची नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. इथूनच, घरी न जाता."

तिथे सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवरून फिरवलं. पडद्यावर झडप उघडमीट करत होती आणि तिला काहीतरी चिकटून हलत होतं. डॉक्टर म्हणाले, "जंतू दाढेतून रक्तात गेलेले दिसतात, आणि झडपेवर बसलेत. ताप त्याचाच."

"दाताचं काळजाला कसं काय लागंल?" आक्का म्हणाली.

"हिरड्या पिकल्या की जंतूंना रक्तात जायला वाट मिळते, आजी. झडप आधीच खराब असली की ते तिथं घर करतात."

"वाचंल नव्हं?"

"वेळेत आणलंत तुम्ही. पण बरेच दिवस राहावं लागेल."

मी पडदा पाहत होतो. ते हृदय दुसऱ्या कुणाचं असतं तरी मी तितकंच पाहिलं असतं.

दवाखान्यात आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध चाललं. आक्का शेरडं सुनेवर सोपवून माझ्याजवळ राहिली. ताप उतरल्यावर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून डॉक्टरीण बाईंनी दाढ काढली. भूल दिलेली होती. ओढल्याचं कळलं, दुखलं नाही. बाहेर आलो तर आक्काचे डोळे सुजलेले. "चहात बुडवून बिस्किट तरी खा," एवढंच ती म्हणाली.

घरी आलो. झडप थोडी गळते, ती तशीच राहणार. दर काही महिन्यांनी दाखवायचं, दातांचं काहीही करायचं तर आधी गोळी घ्यायची. बायकोसाठी रडू अजून आलेलं नाही. येईल किंवा न येईल.

आक्का मोहोळला परतली. रोज सकाळी तिचा फोन येतो.

"घासलंस?"

"घासले."

"ताप?"

"नाही."

"मग जेव दोन्ही बाजूंनी," म्हणते आणि ठेवून देते.