गैरहजराच्या जागी

मास्तरकी सोडून वर्षं झाली तरी कोटाच्या खिशात खडूची पूड सापडतेच. कितीही झटका, शिवणीत थोडी राहते. किश्शांचंही तसंच आहे. कोणी नुसतं विचारावं, "तुम्ही मास्तर कसे झालात हो?" की झालं! ऐकणाऱ्याचा चहा निवतो आणि माझं तोंड थांबत नाही.

मी मास्तर झालो हैदराबादेत, जामबागेजवळच्या एका मिशन शाळेत. फादरांनी आम्हा तिघांना मास्तरकी शिकायला एक वर्षासाठी शाळेच्या आवारातच ठेवून घेतलं होतं. एक मी, दफ्तरी नोकरी करणाऱ्या कुलकर्ण्यांचा मुलगा. दुसरा मल्लय्या, वरंगळकडचा, पैलवानासारखा. तिसरा शांतवन, जालन्याजवळच्या एका वाडीतला ख्रिस्ती मुलगा. उंच, काटकुळा आणि अबोल. फादर स्वतः वसईचे. आमच्याशी मराठी बोलायचे आणि पोरांशी अशी दखनी बोलायचे, की पोरं आदरानं गप्प बसायची. समजतच नसे ना!

•

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा कोट घालून गेलो. वाटलं, खडू मिळेल. फादरांनी मला वर्गाच्या दारात उभं केलं आणि एक रिकामी जागा दाखवली.

"हा यादगिरी. आज आला नाही. का आला नाही?"

"आजारी असेल."

"शेळ्या चारतोय. नामपल्ली स्टेशनमागच्या मैदानात. आता तू जा, शेळ्या घे आणि त्याला इकडे पाठव."

हा फादरांचा नियम होता. पोर ज्या कामासाठी घरी राहिलं, ते काम आमच्यापैकी एकानं करायचं आणि पोरानं शाळेत यायचं. याला आम्ही 'बदली जाणं' म्हणायचो. फादर म्हणायचे, "रिकाम्या जागेला शिकवता येत नाही. आधी जागा भरा, मग तोंड उघडा."

तर मी कोटासकट शेळ्यांमागे. दुपारी बघतो तर समोरून आमचे अप्पा, सोबत दफ्तरातले दोन साहेब! एक शेळी माझ्या कोटाचं बटण चघळत होती. पळायला जागा नव्हती.

एक साहेब थबकले. "कुलकर्णीसाब, ये आपके साहबजादे तो नहीं?"

अप्पांनी चष्मा सारखा केला, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "शक्ल तो मिलती है!"

आणि चालू लागले. रविवारी घरी गेलो तर एकच प्रश्न, "दूध किती देते रे ती?"

•

मल्लय्याची पहिली बदली जामबागेतल्या फुलबाजारात लागली. एका हार करणाऱ्या बाईचा मुलगा शाळेत यायचा बंद झाला होता. मल्लय्याचे हात म्हणजे खलबत्ते! आम्ही म्हटलं, हा मोगऱ्याची चटणी करणार.

पण गडी बसला मांडी घालून आणि आठ दिवसांत असे गजरे ओवायला लागला, की गिऱ्हाईक त्याच्याचपुढे उभं राहू लागलं. पहिलवान गजरे करतो म्हणून बघायलाही लोक यायचे आणि बघितलं की घ्यावंच लागायचं!

पंधराव्या दिवशी ती बाई मुलाचं बखोट धरून फादरांकडे आली. आम्हाला वाटलं, मुलाची तक्रार आहे.

"फादर, ये पोट्टे को तुमिच रख लेव. वो मास्टर मेरे कू दे देव!"

•

आता शांतवन. बदली जाण्यात त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नव्हता. पाणी भरणं, म्हशी धुणं, आजारी म्हातारीला दवाखान्यात नेणं, काहीही सांगा. कुरकूर नाही. पण फळ्यापुढे उभा राहिला की त्याचा आवाज जायचा. पार नाहीसा व्हायचा.

आणि नेमकं त्याचंच मास्तर होणं सगळ्यांत जरुरीचं होतं. मी नापास झालो असतो तर अप्पांनी दफ्तरात चिकटवलं असतं. शांतवनच्या वाडीत शाळाच नव्हती. मिशननं वाडीला शब्द दिला होता, की हा पास झाला तर शाळा निघेल. नाही झाला तर नाही. दर महिन्याला वाडीहून पत्र यायचं आणि त्यात एकच मजकूर असायचा: खोली सारवून ठेवली आहे.

श्रावणात त्याचा पहिला पाठ झाला. फळ्यावर त्यानं नदी काढली. अशी सुरेख, की हात धुवावेसे वाटले. मग वळला. तोंड उघडलं. आवाज नाही! फादर मागे बसलेले. आम्ही दोघं खिडकीत, श्वास रोखून.

पहिल्या रांगेतला जब्बार, आठ वर्षांचा, उठून अदबीनं म्हणाला, "मास्टर, पानी लाऊँ?"

शांतवननं मान हलवली. जब्बारनं पाणी आणलं. शांतवन ते घोट घोट करत इतका वेळ प्याला, की पेला रिकामा झाला आणि घंटा झाली!

फादर एवढंच म्हणाले, "पाणी चांगलं प्यालास. पुढच्या वेळी सरकारी इन्स्पेक्टर असतील."

त्या रात्री शांतवन मला म्हणाला, "कुलकर्णी, म्या नापास झालो तर वाडीत तोंड कसं दाखवू रं?" मला फार वाईट वाटलं होतं.

•

मग पोलिस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य संपलं; चार-पाच दिवस शहर दारं लावून बसलं. कोण येतंय, कोण जातंय, कुणालाच पत्ता नाही. फादर मात्र रोज वेळेवर घंटा वाजवत. आम्ही म्हणायचो, "फादर, कोण येणार?" ते म्हणायचे, "मग घंटेचा काय दोष?"

तिसऱ्या दिवशी भिंतीवरून धपकन उडी पडली. बघतो तर जब्बार, बगलेत पाटी!

फादरांनी त्याला जागेवर बसवलं, हजेरीपट घेतला आणि आम्हा तिघांना म्हणाले, "बसा. नियम म्हणजे नियम." आम्ही बाकीच्यांच्या जागांवर बसलो. फादर एकेक नाव घ्यायचे आणि आम्ही आळीपाळीनं "हाजिर!" म्हणायचो. बाहेर काय चाललंय ते आम्ही पार विसरलो.

हजेरी संपली तसा जब्बारनं हात वर केला. "फादर, शांतवन मास्टर लगातार दो बार हाजिर हुए!"

•

जब्बारचा बाप एका जहागीरदाराच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, पहारेकरी होता. जहागिरी जाणार हे दिसू लागलं, देवडी बंद पडली, बाप घरी बसला आणि पुढे कामाच्या शोधात गुलबर्ग्याकडे गेला. आई बेगम बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामात मिरच्यांची देठं खुडायला जाऊ लागली. गोदामामागच्याच बोळात त्यांची खोली. घरी राहिली मुन्नी, वर्षाची, आणि तिला सांभाळायला राहिला जब्बार. म्हणजे पहिल्या रांगेतली जागा रिकामी!

पहिली बदली माझी लागली. त्या बोळात हवा नव्हतीच. होतं ते नुसतं तिखट! मी खोलीत पाऊल टाकलं आणि मुन्नीनं मला बघून जो टाहो फोडला, तो शेजारच्या हळदीच्या गोदामापर्यंत गेला. मी तिला झुलवलं, टाळ्या वाजवल्या, पाढे म्हणून दाखवले. ती रडतेय, मी शिंकतोय, माझ्या डोळ्यांतून धारा लागल्यात. हमाल पोती टाकून बघायला आले.

शेवटी जब्बारची आई काम सोडून धावत आली. तिनं आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्टर, बच्ची रोई तो चलता. तुम नक्को रोव!"

दुसऱ्या दिवसापासून शांतवन जाऊ लागला. त्याच्याकडे मुन्नी हूं की चूं करत नसे.

•

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला शांतवनच्या पाठाचा दिवस आला. इन्स्पेक्टर साहेब शिक्षणखात्यातले जुने. काळी अचकन, वर सोन्याच्या काडीचा चष्मा. त्यांनी हसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

सकाळी पहिल्या रांगेत जागा रिकामी! जब्बारच्या आईनं या पाठासाठी मागून घेतलेली सकाळची सुट्टी रद्द झाली होती, गोदामात माल उतरला होता. मी म्हटलं, "शांतवन, तू थांब, मी जातो." तो म्हणाला, "तुला पाहून ती रडती. तिची माय येईल थोड्या वेळात, म्या घंटेच्या आत येतो." आणि गेला. मल्लय्या दुसऱ्याच पोराच्या बदलीवर होता.

जब्बार आला. घंटा झाली. इन्स्पेक्टर साहेब आले. वर्ग भरलेला, फळ्यावर नदी काढलेली, मास्तर नाही!

"तुम्हारे मास्टर कहाँ हैं?"

जब्बार उभा राहिला. "सरकार, मेरे घर में मुन्नी को सँभालरैं."

साहेबांनी फादरांकडे बघितलं. फादरांनी नियम सांगितला. साहेबांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "चलिए, दिखाइए."

टांग्यातून आम्ही बेगम बाजारात आलो. संपली वाडीची शाळा, असंच माझ्या मनात चाललेलं. बोळात शिरलो आणि साहेबांनी मला हातानं थांबवलं.

आतून आवाज येत होता. खणखणीत!

"देख मुन्नी, पहाड़ पो पानी गिर्‍या. पानी वहाँ बैठतैच क्या? नक्को बोलता. नीचे उतरता. दूसरा नाला मिल्या, उसकू बोल्या, चल रे भाई..."

साहेब दाराबाहेर उभेच. नदी डोंगरावरून निघाली, शेतातून गेली, शहरात आली, मुसी होऊन पुलाखालून वाहिली. तेवढ्या वेळात साहेब सात वेळा शिंकले. प्रत्येक वेळी तोंडावर रुमाल दाबून, आवाज न करता.

मग आत गेले. शांतवन उठला आणि त्याचा आवाज गेला.

"जाइए, आपका सबक है."

शांतवननं कसाबसा आवाज काढला. "साहेब... पोर कुणाकडं देऊ?"

मी हात पुढे केले. मुन्नीनं माझ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली! साहेबांनी एक सुस्कारा सोडला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात पसरले. मुन्नी गेली. त्यांच्या अचकनीचं वरचं बटण तोंडात धरून गप्प झाली.

"जाइए ना! बच्चे बैठे हैं."

आम्ही दोघं पळालो. टांगा शोधायचंही सुचलं नाही. शांतवन वर्गात पोचला तो धापा टाकत, केसांत तिखट, आणि श्वास जागेवर यायच्या आत, भीती वाटायच्याही आत, त्यानं फळ्यावर हात ठेवला: "पानी पहाड़ पो गिर्‍या..." शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. फादर मागच्या जागेवर बसून डोळे पुसत होते. म्हणाले, तिखटानं. शाळेत तिखट कुठलं!

मधल्या सुट्टीत जब्बार पळत घरी गेला आणि थोड्या वेळानं इन्स्पेक्टर साहेब आले. डोळे लालबुंद, अचकन पुढून ओली, वरचं बटण नाही. ऑफिसात बसले. पाणी मागितलं, पेलाभर प्याले. सरकारी फॉर्म काढला, लिहिला, घडी घालून फादरांच्या हातात दिला आणि शिंकत शिंकत निघून गेले.

फादरांनी फॉर्म उघडला आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. वर नाव-गाव आणि खाली सहीच्या शेजारी तिखटाचं लाल बोट. मधे चारच ओळी होत्या:

"मुलं: सर्व हजर.
मास्तर: हजर.
गैरहजर: फक्त इन्स्पेक्टर.
पाठ: पास."