यादीत नसलेली लिफ्ट

तिसरी घंटा झाली असं समजा. समोर मखमली पडदा नाही, लोखंडी शटर आहे. सकाळचे सात वाजलेत. शटर कुरकुरत वर चढतं आणि रंगमंच खालून वर उजळत जातो. आधी सिमेंटची फरशी दिसते, मग दोरीनं आवळलेले कागदाचे गठ्ठे, मग उजव्या अंगाला तारेच्या जाळीची एक चिमुकली खोली, तिच्यात टेबल आणि टेबलावर जाडजूड नोंदवही. आणि अगदी मागे, बरोबर मध्यभागी, एक लोखंडी पिंजरा. पिंजऱ्यात स्टूल, स्टुलावर एक माणूस. तो उठतो, सरकतं दार ओढून घेतो, मान वर करून काळोखाकडे क्षणभर बघतो आणि दांडा फिरवतो. पिंजरा हलतो. वर कुठेतरी काहीतरी कण्हतं.

हा पुस्तकं बांधायचा कारखाना. तळाला कागद, त्याच्यावर घड्या, त्याच्यावर शिलाई, सगळ्यात वर पुठ्ठे आणि खळ. माणसांना जिना, मालाला लिफ्ट. पिंजऱ्यातला माणूस लिफ्टमन, आणि जाळीच्या खोलीत चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बसलेली ती त्याची बायको, कारखान्याची स्टोअरकीपर. वय अठ्ठेचाळीस. तिला सगळे बीकॉमबाई म्हणत. एवढंच की बाई अजून बीकॉम व्हायची होती.

विशीत दुसरं वर्ष झालं आणि वडील अंथरुणाला खिळले. शिक्षण सुटलं ते सव्वीस वर्षं सुटलं. मग एक दिवस तिनं कुणाला न विचारता संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. सहा ते आठ. पोरं तिला काकू म्हणत, तिच्या वह्या उतरवून घेत आणि परीक्षेत तिच्या पुढं जात. पहिल्या वर्षी कॉस्टिंगमध्ये ती गचकली. घरी आली ती तोंड पाडून.

"अगं, नापास झालीस म्हणजे परीक्षेला बसलीस," नवरा म्हणाला. "मी कधी नापास झालो का? सातवीनंतर एकदाही नाही."

असा गडी होता तो. जेवणं झाली की पुस्तक हातात धरून तो प्रश्न विचारी आणि ती उत्तरं देई. विचारून विचारून त्याचंच पाठ झालं. ती भाजी चिरताना अडखळली की हा म्हणे, "घसारा म्हणजे वापरामुळे, काळामुळे वस्तूच्या किमतीत होत जाणारी घट. काय ऑडिटरीणबाई, एवढं येत नाही? माझाच काढा की घसारा! सरळ रेषेनं काढता, की घटत्या शिलकेनं?"

"तुमची शिल्लक होती कधी?" ती म्हणे, आणि दोघं हसत.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता. एखाद्या कारखान्याच्या मालमत्तेची यादी घ्यायची, प्रत्येक वस्तू स्वतः जाऊन पाहायची आणि अहवाल लिहायचा. शिवाय कारखान्याचा शिक्का हवा, तोंडी परीक्षा व्हायची ती वेगळीच. शिकवणारे सर वर्गात म्हणाले होते, "कागदावर विश्वास ठेवू नका. वस्तूला हात लावा. हात लागला तर ती आहे."

तिनं आपलाच कारखाना घेतला. यादीत सत्तावीस वस्तू होत्या. कापायचं यंत्र, शिलाईची चार यंत्रं, दाबाचे स्क्रू, खळीची भट्टी. एकेकीला हात लावत, आकड्यासमोर खूण करत ती चारही मजले हिंडली. सत्तावीसच्या सत्तावीस जागेवर. ती खुशीत खाली आली, खाली आली ती लिफ्टनं, आणि पिंजऱ्याच्या दाराला हात लागताच थबकली.

ही कुठं होती यादीत?

तिनं जुनी रजिस्टरं काढली. नऊ वर्षं मागं गेल्यावर सापडली. जुन्या हिशेबनिसाचं टपोरं, मोत्यासारखं अक्षर: "मालवाहू लिफ्ट, एक. भंगारात काढली." समोर शून्य. शून्याखाली दोन रेघा.

कागदावर ती लिफ्ट नऊ वर्षांपूर्वी संपली होती. आणि जे कागदावर नाही त्याचा विमा नाही, दुरुस्तीची रक्कम नाही, तपासणी नाही. विम्याचा माणूस दर साल येई, सत्तावीस वस्तूंवर खुणा करी आणि वरच्या मजल्यावर चहाला जाई. बहुतेक वेळा लिफ्टनंच. हजेरीपटावर नवऱ्याच्या नावापुढं हुद्दा काय, तर हमाल. लिफ्टच नाही म्हटल्यावर लिफ्टमन कुठला?

जुन्या हिशेबनिसाला सगळे अण्णा म्हणत. निवृत्त होऊन ते मुलीकडे राहत होते. रविवारी ती त्यांच्याकडे गेली. अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"नवी येणार होती गं. म्हणून जुनी काढून टाकली. मग मालकांनी नवी घेतलीच नाही."

"मग परत चढवायची की वहीत!"

"कशी चढवू? ताळेबंद गेला होता सही होऊन. तीस वर्षांत पहिल्यांदा एका फटक्यात जुळला होता, बाई. एका फटक्यात! म्हटलं, पुढच्या वर्षी बघू." अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. मग त्यांनी हळूच विचारलं, "तो पोलादी तारांचा दोर तरी बदलला ना कुणी?"

तिला त्या क्षणी आठवत होतं ते भलतंच. गेले कित्येक महिने नवऱ्याचा शर्ट धुताना तिच्या बोटाला काहीतरी टोचायचं. केसासारख्या बारीक, बोटाच्या पेराएवढ्या पोलादी तारा. कारखान्यात पुस्तकं तारेनंही शिवतात, त्यातलीच असेल म्हणून ती मोरीत झटकून टाकायची.

सोमवारी ती शटर उघडायच्या वेळेला पोचली. नवरा पिंजऱ्यात वाकून लोहचुंबकानं फरशी साफ करत होता. चुंबकाला तारांची दाढी आली होती. त्यानं ती खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत उतरवली, डबी खिशात टाकली आणि वळला तर समोर बायको.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"काय किती दिवस?"

"अहो, किती दिवस पडतायत?"

तो हसला. "म्हातारीचे केस गळतायत, एवढंच. वय झालं की गळतात. तुझे नाही गळत?"

"मॅनेजरला सांगितलंत?"

"सांगितलं की लिफ्ट बंद. लिफ्ट बंद की मी घरी. दोन वर्षं राहिलीत माझी. सत्तावन्न वर्षांचा हमाल कोण ठेवतं गं?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मी तिला ओळखतो. जड झालं की ती सांगते आधी. कण्हते. मी ऐकतो."

नवरा खोटं बोलत नव्हता. त्याचा खरोखरच तसा विश्वास होता, आणि भीती नेमकी त्याचीच वाटत होती.

तिनं अहवालात अठ्ठावीसावी ओळ लिहिली. "मालवाहू लिफ्ट: नोंदीत नाही, वापरात आहे, दोर धोक्याचा." आणि अहवाल शिक्क्यासाठी मॅनेजरपुढं ठेवला.

मॅनेजर दुष्ट असता तर बरं झालं असतं, गोष्ट सोपी झाली असती. पण तो साधा, कामाखाली वाकलेला माणूस होता. तिच्या फीचा पहिला हप्ता त्यानंच पगारातून आगाऊ दिला होता. त्यानं ती ओळ दोनदा वाचली आणि टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

"बाई, शाळा उघडायला वीस दिवस राहिलेत. वर माल कशानं नेऊ, डोक्यावरनं? सीझन संपू दे. मी स्वतः बोलतो मालकांशी. शब्द आहे माझा."

"आणि तोपर्यंत?"

"नऊ वर्षं चाललीय ना? मग वीस दिवस नाही चालणार?" त्यानं अहवाल तिच्याकडं सरकवला. "ही ओळ काढा, आत्ता शिक्का मारतो. तुमचा अहवाल कॉलेजसाठी आहे बाई, लिफ्टसाठी नाही."

रागावू नका तिच्यावर. सव्वीस वर्षं दाराशी ताटकळलेल्या माणसाला दार किलकिलं झालेलं दिसलं की तो आत पाय घालतो. पायाखाली काय येतंय ते बघत नाही. तिनं पान नव्यानं टाइप केलं. सत्तावीस वस्तू. शिक्का पडला. घरी नवऱ्यानं तो शिक्का उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "वा! शहाणी माझी बाय." तिला जेवण गेलं नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यानं तिच्या चपला पुसून दाराशी ठेवल्या. "आज तुझी परीक्षा, म्हातारीचीही परीक्षा," तो बूट चढवत म्हणाला. "नकाशांच्या पुस्तकांचा कागद आलाय ना, तो सगळा वर जायचाय. अकराला सुरू करतो म्हणाला मॅनेजर. घाबरू नकोस हं. जे विचारतील ते ठणकावून सांग."

"जपून," ती म्हणाली.

"मी काय पडतोय का!" असं म्हणत तो जिना उतरून गेला.

कॉलेज कारखान्यापासून दहा मिनिटांवर. वऱ्हांड्यात लाकडी बाक, बाकावर पोरं, पोरांच्या ओठांवर पुटपुट. "काकू, घाबरलात?" एका मुलीनं विचारलं. "नाही गं," ती म्हणाली आणि अहवाल चाळत बसली. दाराशी शिपाई हजेरीचा तक्ता घेऊन उभा होता. परीक्षा देऊन बाहेर आलं की त्याच्यावर सही करायची, मग हजेरी लागायची. घड्याळात दहा चाळीस.

नकाशांचा कागद. काल तिनंच उतरवून घेतला होता, पावतीवर तिचीच सही. गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपर. हात लावला तरी कळतं, जड असतो. किती जड? पावतीवर होतं, तिनंच वहीत चढवलं होतं. गठ्ठ्याला अठ्ठावीस किलो. नेहमीचा कागद एकोणीस किलोचा.

आणि लिफ्टमध्ये हमाल कागद वजनानं भरत नाहीत, मोजून भरतात. वर्षानुवर्षं एका खेपेला चोवीस गठ्ठे. सहा-सहाच्या चार राशी, पिंजरा बरोबर भरतो, पुढं स्टुलापुरती जागा उरते. चोवीस म्हणजे चोवीस. कुणी विचारत नाही कसले.

तिनं अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार मांडला. चोवीस एकोणीस, चारशे छप्पन्न. पिंजऱ्यावरच्या पाटीवर मालाला पाचशे लिहिलंय. ठीक. चोवीस अठ्ठावीस.

सहाशे बहात्तर. वर नवरा.

आकडा चुकला असेल म्हणून तिनं पुन्हा केला. पदवीच्या तीन वर्षांत इतका बिनचूक गुणाकार तिच्या हातून झाला नव्हता. तिनं फोन लावला. नवऱ्याचा पिंजऱ्यात कधी लागतच नसे. मॅनेजरचा वाजून वाजून बंद झाला. आणि तेवढ्यात शिपायानं तिचा नंबर पुकारला.

पाच मिनिटांचं तर काम आहे, ती स्वतःला म्हणाली. अकराला अवकाश आहे. उठून ती आत गेली.

परीक्षक बाहेरगावचे होते. पांढऱ्या मिशा, समोर थंड झालेला चहा. अहवालाची पानं त्यांनी सावकाश उलटली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिला ऐकू येत होता.

"छान आहे. स्वच्छ आहे. सत्तावीस वस्तू. सगळ्यांना स्वतः हात लावलात?"

"हो सर."

"एकही कमी नाही, जास्त नाही. असं सहसा होत नाही." ते हसले. "नोकरीत असताना अभ्यास केलात. कौतुक आहे. बरं, मला सांगा, एखादी वस्तू वहीत नाही, पण जागेवर आहे, असं आढळलं तर काय कराल?"

पुस्तकातलं उत्तर तिला येत होतं. नवऱ्यानं ते शंभर वेळा घोटून घेतलं होतं. नोंद घ्यावी, व्यवस्थापनाला लेखी कळवावं, अहवालात नमूद करावं. तिनं तोंड उघडलं.

"आहे सर," ती म्हणाली. "अठ्ठावीसावी आहे. मी ओळ काढून टाकली, म्हणून हा शिक्का मिळाला. माल न्यायची लिफ्ट आहे. तिचा दोर तुटत आलाय, तारा गळतायत. आज अकराला तिच्यात पावणेसातशे किलो भरणार आहेत. पेलते पाचशे. चालवणारे माझे मिस्टर आहेत."

परीक्षकांनी आधी घड्याळाकडं पाहिलं. दहा त्रेपन्न. मग तिच्याकडं. त्यांचा आवाज एकदम बदलला.

"मग बाई, तुम्ही इथं काय करताय?"

खुर्ची मागं पडल्याचा आवाज झाला. अहवाल टेबलावरच राहिला. दार उघडून ती वऱ्हांड्यात आली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी आत निसटली होती. बाकावरची पोरं उभी राहिली. शिपाई तक्ता पुढं करत तिच्यामागं धावला.

"ओ बाई! सही! सही राहिली तुमची! सहीशिवाय वर्ष जाईल!"

जिन्याच्या वळणावरून, न थांबता, न वळता ती ओरडली, "गैरहजर लावा मला!"