अब्बांना कुठं न्यायचं?

पुण्याला शिकायला निघालो तेव्हा आखाडा बाळापूरच्या स्टँडवर अब्बा रुसल्यासारखे उभे होते. बस हलता हलता खिडकीशी येऊन म्हणाले, "जा. पन आमच्या विद्यापीठात गेला असता तर घरीच राहिल्यावानी झालं असतं." अब्बा शिकले ते विद्यापीठ बाळापूरपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ते घर कसं काय, हे मला तेव्हाही कळलं नाही.

अब्बा हळदीचे व्यापारी. शेतकरी माल घेऊन आला, की हळकुंड मोडून बघायच्या आधी विचारायचे, "पोरगं काय शिकून राहिलं?" बारावी झालेलं असलं तर त्याला स्वतः जीपमध्ये घालून विद्यापीठात पोचवून यायचे. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ऐन हळदीच्या हंगामात असायचा. आडतीवर पोत्यांची थप्पी, आणि हे निघाले मेळाव्याला! अम्मी चिडवायची, "वो क्या तुमारी दुसरी ससुराल है?" अब्बा चक्क लाजायचे.

त्या मेळाव्यातच ते गेले. पंगतीत, मित्रांना हसवता हसवता.

त्यांचे वर्गमित्र दत्तूकाका. त्यांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "पोरा, अब्बा गेले रे तुजे. इथंच माती द्यायची का बाळापूरला न्यायचं? लौकर सांग."

आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. अब्बा तर नेहमी म्हणायचे, "जिथं डोळे मिटतील तिथंच दफन करा, मेल्या मानसाला फिरवू नका." तेवढ्यात अम्मीचा फोन. तिचं एकच, "तेरे अब्बाकू घर कब ला रे?"

थोरला मुलगा मी, शब्द माझाच चालणार. शेवटी दत्तूकाकांना फोन करून म्हणालो, "बाळापूरला आणा."

माती देऊन झाल्यावर दत्तूकाका म्हणाले, "आनलंस ते बराबर केलंस. तिथं ठिवलं असतंस तर तेबी बराबरच झालं असतं." आता यातून मी काय घ्यायचं? आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अम्मी जाता-येता रस्त्यावरूनच दुआ मागते. तेवढ्यानं तिचं भागतं. माझं भागत नाही. गावी गेलो की कबरीपाशी उभा राहतो आणि वाटतं, अब्बांना मी घरी आणलं की घरून आणलं?

परवा पुण्यात मुलीला हे सगळं सांगत होतो. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अब्बा, तुम्हाला कुठं न्यायचं?"

मी तोंड उघडलं. बाळापूर म्हणवेना, पुणंही म्हणवेना.