टपालनानांचा खजिना

टपालनानांशी माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आंधळा होतो. तसा घरून डोळस निघालो होतो. सायकलवरून दवाखान्याचा उतार उतरत होतो, तोच जुन्या दफनभूमीच्या भिंतीवरून उजेडाचा एक सोटा आला आणि सणकन दोन्ही डोळ्यांत बसला. सूर्य फुटला असं मला वाटलं. पूर्वज दिसले. त्यातल्या दोघातिघांनी ‘ये’ म्हणून खूणही केली. शुद्धीवर आलो तेव्हा सायकल भिंतीच्या अलीकडे होती आणि मी पलीकडे. समोर न्हाव्याच्या दुकानात असतो तेवढा आरसा छातीशी धरून एक किडकिडीत म्हातारा उभा होता.

“लागलं का?”

मी “हो” म्हणायला तोंड उघडलं.

“मग जरा सरका. घड्याळजींच्या अंगावर पडलायत तुम्ही.”

खरंच मी कुणा घड्याळजीच्या कबरीवर आडवा होतो. झिजलेला दगड समोरून बघितला तर गप्प राहतो, आरशाने बाजूने ऊन पाडलं की बोलायला लागतो, हे नानांनी मला तिथल्या तिथे समजावलं. माझ्या ढोपरातून रक्त येत होतं, पण व्याख्यान पूर्ण झालं. ढोपर बरं झाल्यावरही मी तिथे जात राहिलो.

नानांनी सगळी नोकरी टपालाची पत्रं गावागावाप्रमाणे लावण्यात काढली. लोकांचे पत्ते तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या पत्त्यावर कुणी फिरकेना. बायको गेलेली, मुलगा लांब. राहत्या दोन खोल्यांपैकी एकीत त्यांचं आता काहीच काम पडत नव्हतं. तेव्हा ते अशा लोकांत जाऊन बसू लागले, ज्यांचा पत्ता बदलायची भीती नाही.

नुसतं बसून किती बसणार? त्यांनी खजिन्याचा खेळ काढला. दर रविवारी सकाळी फाटकावर पुठ्ठा टांगायचा: ‘खजिना शोधा. फुकट.’ आत पहिली चिठ्ठी: ‘ज्याने गावाला वेळ दाखवली आणि स्वतः वेळेआधी गेला, त्याच्या उशाशी बघा.’ घड्याळजींच्या उशाशी दुसरी चिठ्ठी, ती सुईणीकडे धाडणार. सुईणीकडून पुरात छपरावर बसून भट्टी पेटवणाऱ्या पाववाल्याकडे, तिथून वाजंत्र्यांच्या म्होरक्याकडे. शेवटी झाडाखाली दोन स्टुलं, एक थर्मास, पोरांसाठी गोळ्यांची बरणी आणि गावाची सगळी गोष्ट सांगायला टपून बसलेले नाना. खजिना तो.

लोक यायचे, पण थांबायचे नाहीत. एका गृहस्थांनी थर्मासचं झाकण उघडून आत बघितलं. “एवढंच?” म्हणाले. मग पोरांना म्हणाले, “चला रे, काकांना वेळ जात नाहीये.” पोरांनी जाताना गोळ्या मात्र खिसे भरून नेल्या.

मग एका रविवारी शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या ताई आल्या. गळ्यात टेप तशीच.

“मला खजिना नको. माझे पणजोबा हवेत. नावाडी होते. पूल व्हायच्या आधी इथे होडी चालवायचे.”

“अवघड आहे,” नाना म्हणाले. “शोधावं लागेल.”

“शोधू की. आधी हे सांगा, हा चहा आहे की साखरेचा पाक?”

असं म्हणून त्यांनी तो संपवला आणि आणखी मागितला. नानांचा चेहरा असा झाला, की शेजारच्या कबरीतल्यांनाही उजेड पडला असेल.

पुढच्या रविवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्याला एक बटण नव्हतं. ताईंनी पर्समधून सुई काढली.

“हलू नका. नाहीतर शर्टासकट शिवून टाकीन.”

नाना हलले नाहीत. मला वाटतं, त्यांनी श्वासही घेतला नाही.

शोध रविवारमागून रविवार चालला. नावाडी म्हणजे विहिरीच्या बाजूला असणार. नाही, मग गरिबांच्या रांगेत. नाही, मग बघू पुढच्या आठवड्यात. आता नाना म्हणजे गवताच्या काडीशीही वैर असलेला माणूस. सगळ्या कबरी कशा घासूनपुसून लख्ख. पण कोपऱ्यात, पूल बांधणाऱ्या इंजिनिअरच्या शेजारी, एका दगडावर दाट वेल माजला होता. एकदा मी तो उचलला. खाली होडी कोरलेली.

“नाना, ही होडी!”

“माहीत आहे.”

“मग सांगत का नाही त्यांना?”

“सांगितलं की सापडेल ना.”

“अहो, ती बाई बिचारी कामधंदा सोडून येते...”

“तुम्ही उशिरा घरी गेलात की कुणी विचारतं?”

“विचारतं कसलं, भांडी आपटतं!”

“झालं तर मग,” नाना म्हणाले आणि वेल पुन्हा नीट पसरायला लागले.

त्यानंतरच्या रविवारी ताई आईला घेऊन आल्या. म्हातारीची नजर चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर आजोबांना भेटायचं म्हणत होती. स्टुलावर बसून तिने चौफेर मान फिरवली.

“काय हो नाना, आमचे आजोबा लपून बसलेत का? मला मांडीवर घेऊन वल्हवायचे. हाक मारू?”

नानांनी कप खाली ठेवला. कोपऱ्यात गेले आणि दोन्ही हातांनी वेल ओरबाडून काढला.

म्हातारीने दगडाला डोळे लावले, मग होडीवरून बोट फिरवलं. शेजारी कोण ते मी सांगितलं.

“अगं बाई! पूलवाला? ज्याने धंदा बुडवला तोच शेजारी? मग काय, अजून भांडत असतील!”

ती पोट धरून हसली. ताई हसल्या नाहीत. त्या दगडाभोवती गवत उपटून साफ ठेवलेल्या जमिनीकडे बघत होत्या.

“नाना, तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

ताईंनी आईला उठवलं, “येतो हं,” म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. राग धरला असेल म्हणून नानांच्या वतीने माफी मागायला मी दुकानात गेलो. “राग कसला?” मशीन न थांबवता त्या म्हणाल्या. त्यांना शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं आणि दुकान आता रविवारीही उघडं असतं.